साडेनऊचं पंचिंग आणि ताईची सकाळ

हा या आठवड्याच्या भागाचा लेखी अवतार. ज्यांचे इअरफोन घरी राहिले, ज्यांचं लोकलमध्ये नेटवर्क गेलं, किंवा ज्यांच्या शेजारी बॉस बसलाय, त्या सगळ्यांसाठी. बोलताना मी जिथे अडखळले तिथलं सरळ केलंय, बाकी जसं बोलले तसंच. मध्ये एकदा कुकरची शिट्टी ऐकू येते, ती खरी आहे. रेकॉर्डिंग ताईच्या डोंबिवलीच्या घरी झालं. आणि हो, हा भाग आधी ताईने ऐकला, दोन गोष्टी कापायला लावल्या, मगच वर चढवला.

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी रात्री ताईचा फोन आला. म्हणाली, "राजीनामा टाईप करून ठेवलाय. पाठवू का, एवढंच सांग." मला वाटलं ऑफिसात भांडण झालं असेल. तर नाही. महिन्यात तीन लेट मार्क झाले की अर्धा दिवस कापायचा, असा तिच्या ऑफिसचा नियम. त्या महिन्यात तिचे सात लेट मार्क झाले होते. चौदा वर्षं अकाउंट्समध्ये काढलेली बाई, इयर-एंडिंगला रात्री नऊपर्यंत बसणारी, आणि साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, जरा लवकर उठत जा."

आता गंमत बघा. ताई तेव्हा पहाटे चारला उठत होती.

ताईला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. आपल्याकडे याला आमवात म्हणतात, आणि बऱ्याचदा नुसतं 'संधिवात' म्हणून विषय संपवतात. तिथेच पहिला घोळ होतो. संधिवात म्हटलं की डोळ्यांसमोर आजीचे गुडघे येतात. आजीचे गुडघे झिजलेले असतात, तो वेगळा आजार. ताईच्या सांध्यांवर तिच्याच शरीराची प्रतिकारशक्ती चालून येते. जंतूंशी लढायला ठेवलेली फौज सांध्याच्या आतल्या पातळ अस्तराला परकं समजते, तिथे सूज येते, आणि वेळेवर औषध नाही मिळालं तर ती सूज हाड आणि कूर्चा खात जाते. ऑटोइम्यून, म्हणजे स्वयंप्रतिकार आजार, तो हा. ल्युपस, थायरॉइडचा हाशिमोटो, सोरायसिसचा संधिवात, मल्टिपल स्क्लेरोसिस, मायोसायटिस ही सगळी याच खानदानातली. समंथा रुथ प्रभूने ऑक्टोबर २०२२मध्ये मायोसायटिस झाल्याचं स्वतः सांगितलं, ते तुमच्या फीडवर आलंच असेल. सेलेना गोमेझला ल्युपस आहे आणि २०१७ साली तिचं मूत्रपिंड बदलावं लागलं, तेही.

आणि हो, यात बायका जास्त. ऱ्हुमॅटॉइडमध्ये पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट, ल्युपसमध्ये तर दहा रुग्णांत साधारण नऊ बायका. याची कारणं अजून उलगडतायत. २०२४मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवलं की बायकांच्या पेशींमधलं दुसरं एक्स गुणसूत्र गप्प ठेवणारी जी यंत्रणा आहे, तिच्याभोवतीचे रेणूच कधीकधी प्रतिकारशक्तीला भडकवू शकतात. ल्युपसचं वयही बघा. पंधरा ते पंचेचाळीस या वयात तो सर्वांत जास्त गाठतो. म्हणजे शिक्षण, पहिली नोकरी, लग्न, मूल, प्रमोशन, हे सगळं जिथे दाटीवाटीने बसलेलं असतं, नेमकं तिथे.

पण मला आज बोलायचंय ते सकाळबद्दल.

ऱ्हुमॅटॉइडची सर्वांत मोठी खूण म्हणजे सकाळचा ताठरपणा. झोपेतून उठल्यावर बोटं वळत नाहीत, मनगट फिरत नाही, पाऊल टेकलं की काचेवर उभं राहिल्यासारखं वाटतं. आजीचे गुडघे पाच-दहा मिनिटांत मोकळे होतात, चार पावलं टाकली की झालं. ताईला तास लागतो, वाईट दिवसांत दोन-अडीच. आळसाशी याचा काडीचा संबंध नाही, यामागे शरीराचं घड्याळ आहे. सूज वाढवणारी रसायनं पहाटेच्या सुमाराला रक्तात सर्वांत जास्त असतात. सूज दाबणारं आपलं स्वतःचं कॉर्टिसॉल मध्यरात्रीच्या आसपास सर्वांत कमी असतं आणि सकाळी वर यायला लागतं. निरोगी माणसात हा हिशोब जुळतो. ताईसारखीच्या शरीरात सूज इतकी असते की तेवढं कॉर्टिसॉल पुरत नाही. म्हणून जी बाई दुपारी दोन वाजता तुमच्यासमोर झपाझप टायपिंग करतेय, तिला त्याच दिवशी सकाळी सहाला टूथपेस्टचं झाकण उघडता आलेलं नसतं. दोन्ही गोष्टी खऱ्या. ऑफिसला फक्त दुसरी दिसते.

तर ताई चारला उठायची, डॉक्टरांनी सांगितलेली गोळी दोन बिस्किटांबरोबर घ्यायची, आणि पुन्हा आडवी व्हायची. सहापर्यंत गोळीचा परिणाम सुरू व्हायचा. मग गरम पाण्याच्या टबात हात. मग पोळ्या. हो, पोळ्या! कणीक मळायला मूठ लागते आणि मूठच वळत नसते. मग डबे, भाच्याची शाळेची बॅग, आणि त्यानंतर फास्ट लोकल, जिथे डोंबिवलीला चढताना खांद्याने जागा करायची आणि मग तासभर सुजलेल्या बोटांनी हँडल धरून उभं राहायचं. त्यात एखादी गाडी सुटली की लेट मार्क.

मी काय केलं? खरं सांगते, मी तिला हळदीच्या दुधाचे रील्स पाठवले. गव्हाचं बंद कर म्हटलं. "स्ट्रेस नको घेऊ" हे तर रोजचंच. एकदा ती शांतपणे म्हणाली, "अगं, तू पाठवतेस ते सगळं मला करायचं असतं. त्यापेक्षा तू काहीतरी कर ना." तेव्हा लागलं. पण बरोबर होतं तिचं. मी दिलेला प्रत्येक सल्ला म्हणजे तिच्या यादीत वाढवलेलं आणखी एक काम होतं.

क्रिस्टीन मिझरँडिनो नावाच्या, ल्युपस असलेल्या अमेरिकन बाईने २००३ साली चमच्यांची एक गोष्ट लिहिली, ती जगभर गाजली. मैत्रिणीच्या हातात बारा चमचे देऊन तिने सांगितलं, हे तुझ्या दिवसाचे. अंघोळ केलीस, एक गेला. मी ताईला उत्साहाने ती सांगितली. ती म्हणाली, "चमचे मोजता तरी येतात. माझं एकच सिलिंडर असलेल्या घरासारखं आहे. शेगडी चालू आहे तोवर छान. कधी विझेल ते आधी कळत नाही, आणि दुसरं सिलिंडर घरात नाही." मला हे जास्त पटलं, कारण या आजारात थकव्यापेक्षाही बेभरवसा माणसाला जास्त खातो. महिनाभर बरं असतं, मग अचानक आजार उसळतो. डॉक्टर त्याला फ्लेअर म्हणतात. कधी कारण सापडतं, साधा ताप किंवा चार जागरणं. कधी सापडतच नाही.

औषधांचंही एक वेळापत्रक असतं, ते ऑफिसातल्या कोणाला माहीत नसतं. मेथोट्रेक्सेट हे यातलं मुख्य औषध, आणि ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. (चुकून रोज घेतलं तर जीवावर बेततं. घरात कुणाला चालू असेल तर गोळीच्या पाकिटावर वार लिहून ठेवा, खरंच.) बऱ्याच जणींना दुसऱ्या दिवशी मळमळ आणि डोकं जड असतं. म्हणून ताई शनिवारी रात्री घेते आणि तिचा रविवार त्यात जातो. सोमवारी लोक विचारतात, "काय मग, वीकेंडला काय केलं?" स्टेरॉइडची तर वेगळीच तऱ्हा. कॉर्टिसोनच्या शोधाला १९५०चं नोबेल मिळालं ते उगाच नाही, अंथरुणाला खिळलेले रुग्ण त्याने चालायला लागले होते. पण जास्त दिवस घेतलं की चेहरा गोल होतो, वजन वाढतं, झोप उडते, आणि ते अचानक बंदही करता येत नाही. आणि मग ऑफिसात कुणीतरी म्हणतं, "तब्येत सुधारलेली दिसतेय!" बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, पण ऐकणारीला काय वाटतं विचारू नका.

२०२०च्या मार्च-एप्रिलमधलं आठवतंय? कोरोनावर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालतं अशी हवा झाली आणि लोकांनी दुकानं रिकामी केली. ल्युपस आणि ऱ्हुमॅटॉइडच्या बायका तीच गोळी वर्षानुवर्षं रोज घेतात. सरकारने चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, तरी त्या काही आठवड्यांत ताईने चार केमिस्ट पालथे घातले, तेही लॉकडाऊनमध्ये.

बरं, मग मदत म्हणजे काय करायचं? माझं आता ठाम मत झालंय. सहानुभूती नंतर द्या, आधी घड्याळ सरकवा. या आजारात बाईच्या हातून पहिल्यांदा काही निसटत असेल तर ते म्हणजे स्वतःच्या वेळेवरचा ताबा. तो जेवढा परत देता येईल तेवढा द्यायचा.

राजीनामा आम्ही तेव्हा पाठवला नाही. त्याऐवजी ताईच्या ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडून पत्र घेतलं, आणि त्या पत्राबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण बहुतेक जणींचं इथेच चुकतं. आधी एकदा तिने फॅमिली डॉक्टरकडून सर्टिफिकेट दिलं होतं. त्यावर आजाराचं लांबलचक नाव आणि 'विश्रांतीची गरज' एवढंच. साहेबांनी ते फाइलला लावलं. त्यांना तरी काय कळणार त्यातून? नव्या पत्रात आजाराचं नाव एका ओळीत आलं आणि बाकी सगळं कामाच्या भाषेत. सकाळी हालचाल मोकळी व्हायला एक ते दोन तास लागतात, त्यामुळे कामाची वेळ एक तास पुढे न्यावी. जड फाइलींचे खोके उचलायला लावू नयेत. सलग टायपिंगमध्ये दर तासाला पाच मिनिटं हात सोडायला मिळावीत. आजार उसळला तर महिन्यातून दोन-तीन दिवस घरून काम करता यावं. तीन महिन्यांनी पुन्हा बघावं. बस. वाचणाऱ्याला 'हो' किंवा 'नाही' म्हणता येईल अशा मागण्या. शेवटची 'पुन्हा बघावं' ही ओळ डॉक्टरांची, आणि ती फार कामाची ठरली. कायमचं काही द्यायला लोक घाबरतात, तीन महिन्यांसाठी देतात.

वेळ झाली साडेदहा ते साडेसहा. कंपनीचा खर्च शून्य. ताई आता डोंबिवलीहूनच सुटणारी स्लो पकडते, बसायला जागा मिळते. लेट मार्क थांबले. तिच्या टेबलावर थेट एसीचा झोत यायचा, तीही जागा बदलली. ती सुचवली शेजारच्या टेबलावरच्या दादांनी, कुणी न सांगता. अशी माणसंही असतात.

कायद्याचं थोडं. कंटाळू नका, दोनच मिनिटं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६मध्ये २१ प्रकारचं अपंगत्व दिलंय. त्यात मल्टिपल स्क्लेरोसिस नावानिशी आहे, ऱ्हुमॅटॉइड किंवा ल्युपस नाही. सांधे कायमचे अधू झाले तर चलनवलनाच्या अपंगत्वाखाली प्रमाणपत्र मिळू शकतं, आणि आरक्षणासारख्या गोष्टींसाठी ते ४० टक्के लागतं. पण कायद्यात 'वाजवी सोय' अशी एक कल्पना आहे, म्हणजे माणसाला इतरांच्या बरोबरीने काम करता यावं म्हणून करायचा गरजेपुरता बदल. सरकारी आस्थापनांवर ती सोय देण्याचं बंधन आहे, आणि नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला त्यांना काढता येत नाही की खालच्या पदावर ढकलता येत नाही. खाजगी कंपनीत २०किंवा जास्त माणसं असतील तर समान संधीचं लेखी धोरण जाहीर करावं लागतं. एचआरला विचारा, आपलं धोरण कुठे आहे? विचारायला काही लागत नाही. आणि फेब्रुवारी २०२१मधला सर्वोच्च न्यायालयाचा विकास कुमार विरुद्ध यूपीएससी हा निकाल लक्षात ठेवा. लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराला लेखनिक नाकारला होता, कारण त्याचं अपंगत्व ४० टक्क्यांत बसत नव्हतं. न्यायालयाने सांगितलं, वाजवी सोय मागायला ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही. तो खटला परीक्षेचा होता, ऑफिसचा नव्हे. पण बोलायला बसताना हातात असलेला बरा.

मात्र प्रत्येकीने ऑफिसात सांगायलाच हवं, असं मी म्हणणार नाही. न सांगण्याला कारणं असतात आणि ती पोकळ नसतात. प्रमोशन जातं. ज्यांचं लग्न जमायचंय त्या घरातसुद्धा गोळ्या लपवून घेतात. "मूल होईल का?" हा प्रश्न तर लोक तोंडावर विचारतात. मेथोट्रेक्सेट चालू असताना गरोदर राहायचं नसतं, हे खरं. पण आजार आटोक्यात आणून, डॉक्टरांशी बोलून, औषध आधीच बदलून अनेकींना धडधाकट मुलं झालीत. विम्याचंही अडकवणारं आहे. ऑफिसच्या ग्रुप विम्यात जुना आजार बहुतेक वेळा पहिल्या दिवसापासून धरला जातो. नोकरी सोडून स्वतःचा विमा घ्यायला गेलं तर आधीपासूनच्या आजारासाठी थांबावं लागतं. २०२४पासून ती मर्यादा जास्तीत जास्त ३६ महिने आहे, आधी ४८ होती. म्हणून वाईट साहेब असला तरी बायका नोकरी धरून राहतात. ज्यांचा पगार महिना २१ हजारांपर्यंत आहे आणि ईएसआय कापला जातो, त्यांनी एवढं लक्षात ठेवा: आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के भत्ता मिळतो. अनेक जणींना तो आपल्याला लागू आहे हेच माहीत नसतं.

सहकारी म्हणून तुम्ही काय कराल? तिने सांगितलं असेल तर ते दुसऱ्याला सांगू नका. "दिसत तर नाहीस आजारी" हे वाक्य गिळा. रोज "कशी आहेस?" विचारून तिला रोज तब्येतीचा अहवाल द्यायला लावू नका, त्यापेक्षा "प्रिंटरकडे चाललोय, तुझं काही आणू?" हे शंभरपट बरं. आणि तिने शेवटच्या क्षणी पार्टीला नाही म्हटलं तरी पुढच्या वेळी बोलवा. एवढं पुष्कळ आहे.

घराचं मात्र एवढ्यावर भागत नाही. २०१९च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यातला सरासरी वेळ दिवसाला २९९ मिनिटं निघाला आणि पुरुषांचा ९७. म्हणजे ऑफिसने एक तास दिला तरी घर पाच तास घेतंय. ताईच्या घरी आधी 'मदत' होती. म्हणजे भावोजी विचारायचे, "काय करू सांग." सांगणं हेसुद्धा काम असतं, हे त्यांना पटायला वेळ लागला. आता सकाळ पूर्ण त्यांची आहे. डबे, दूध, भाच्याची बस, सगळं. ताईने स्वयंपाकघरात आठच्या आधी यायचंच नाही. पोळ्या एका मावशींकडून येतात. सुरुवातीला सासूबाईंना ते आवडलं नाही, पण एक दिवस त्यांनी ताईला कुकरचं झाकण दोन्ही तळव्यांनी दाबून लावताना बघितलं आणि तेव्हापासून काही बोलल्या नाहीत. नारळ त्याच खवून ठेवतात. ती शिट्टी ऐकू येते ना, तो कुकर भावोजींनी लावलेला. भात जरा गिचगिचीत झाला होता, पण ते असो.

आता एक गोष्ट जी मी हा भाग ठरवला तेव्हा घडलेली नव्हती. गेल्या महिन्यात ताईच्या साहेबांची बदली झाली. नवे आले. त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "तुम्ही साडेदहाला कशा येता? नियम सगळ्यांना सारखा." आणि तेव्हा कळलं की दोन वर्षांपूर्वीची सगळी सोय तोंडी होती. डॉक्टरांचं पत्र फाइलला होतं, पण त्यावर मंजुरीची एक ओळही नव्हती. सुदैवाने त्या वेळी ताईने घरी येऊन साहेबांना एक मेल टाकला होता, 'आजच्या बोलण्याप्रमाणे सोमवारपासून माझी वेळ साडेदहा ते साडेसहा राहील, धन्यवाद.' आणि त्यांचं एका शब्दाचं उत्तर होतं, 'नोटेड.' तो मेल शोधायला आम्ही दोघी रात्री बारापर्यंत बसलो होतो.

परवा तिने तो नव्या साहेबांना आणि एचआरला पाठवला, डॉक्टरांचं ताजं पत्र जोडून. उत्तर अजून आलेलं नाही. ती साडेदहालाच जातेय.